पाण्याचा पिक्चर

आमच्या घरात माणसांना वेगळी खोली नव्हती, टीव्हीला होती. सानपाडा गावातल्या घराची पुढची पडवी भिंत घालून बंद केली, तिथं टीव्ही आला आणि सुमनताईच्या लग्नाच्या तोंडावर त्याच्याखाली व्हीसीआर आला. मिठागराची जमीन सरकारी योजनेत गेली होती, ही दोन्ही खरेदी त्याच्या भरपाईच्या पैशांतली. व्हीसीआरला आईनं ताईच्या जुन्या परकराचं कव्हर शिवलं होतं, काठाला लेस लावून. दुपारची भांडी झाली की आई त्याच्यासमोर मांडी घालून बसायची आणि बटणं शिकायची. कोणतं दाबलं की चित्र पळतं, कोणतं दाबलं की थांबतं, हे ती बोटांवर मोजून पाठ करायची आणि तरी हमखास चुकायची. ताई हसायची, मी हसायचो, आई स्वतःही हसायची. तिचं हे चुकणं आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं मी त्याच्याच आडोशाला लपलो.

बाबा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात तोलणार होते. दिवसभर काट्यापाशी उभं राहून गोणी जोखायच्या आणि संध्याकाळी अंगाला कांद्याचा वास घेऊन घरी यायचं. आई त्यांचा सदरा अंगणातच उतरवून घ्यायची. घरात पहाटेपासून तांदळाच्या भाकऱ्या थापल्याचा आवाज, चुलीवर सुकट भाजल्याचा वास, शेजारच्या काकीची कोंबड्यांना हाक, आणि सगळ्यांचं एकमेकांशी चार घरांवर ऐकू जाईल असं बोलणं. आम्ही भांडत नसायचो. आमची बोलण्याची तीच पट्टी होती. मी नववीत गावाशेजारच्या नव्या कॉलनीतल्या शाळेत जायला लागेपर्यंत मला यातलं काहीही मोठं, उग्र किंवा गावठी वाटलं नव्हतं.

जनाआत्या बाबांची थोरली बहीण. तीन घरं सोडून राहायची, पण जेवायला, चहाला, रुसायला आमच्याकडेच. ती धवलारीण होती. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तरी चालतो, धवलारीण आधी लागते. मांडव घालायचा, हळद दळायची, देवांना बोलावणं धाडायचं, नवरीला न्हाऊ घालायचं, या प्रत्येक कामाचं तिचं गाणं असतं आणि ते गाणं पुरं झाल्याखेरीज काम पुढं सरकत नाही. या गाण्यांना धवले म्हणतात. आत्याला अक्षरओळख नव्हती आणि धवले कुठं लिहिलेलेही नव्हते. तिला ते तिच्या सासूनं दिले होते, सासूला आणखी कुणी. आई तिच्यामागं बसून झील धरायची. आत्या ओळ सोडायची, आई तिचं शेपूट उचलून लांबवायची, तेवढ्यात आत्या श्वास घ्यायची आणि पुढची ओळ आणायची. गावात सगळे धरून चालले होते की आत्यानंतर आई. आईही धरून चालली होती. ती तसं बोलून दाखवायची नाही, पण लग्न ठरल्याची बातमी आली की तिच्या चालण्यात फरक पडायचा.

ताईच्या लग्नात पहिल्यांदाच शूटिंगवाला आला. त्यानं हळद आणि मांडवाचे धवले सलग घेतले, कारण डोक्यावर मोठा दिवा धरून उभा असलेला त्याचा माणूस आत्याचं गाणं संपेपर्यंत जागचा हलायला तयार नव्हता. पंधरा दिवसांनी कॅसेट घरी आली. शूटिंगवाल्यानं आईच्या डोळ्यांदेखत कॅसेटच्या पाठीवरची छोटी प्लॅस्टिकची पट्टी स्क्रू-ड्रायव्हरनं मोडली आणि म्हणाला, "काकी, आता कितीही बटणं दाबा, ही पुसली जाणार नाही." आईला हे फार आवडलं. पुढचे कित्येक दिवस आलेल्यागेलेल्याला ती कॅसेटच्या पाठीवरचं ते भोक दाखवायची. मग कॅसेट लागायची. सुरुवातीचे जवळजवळ दोन तास धवले, पुढं जेवणावळ, आहेर, वरात. बायका टीव्हीसमोर बसून स्वतःलाच बघत वाल सोलायच्या. आत्या मात्र स्वतःला बघायची नाही, डोळे मिटून ऐकायची आणि गाळलेल्या ओळीची जागा आली की मध्येच म्हणायची, "हितं मी एक वल खाल्ली. बराबर नाय ते."

मिलिंद माझ्या वर्गातला. त्यांचं घराणं साताऱ्याकडचं, वडील मोठ्या ऑफिसात, घर कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर. त्यांच्याकडे सोफा होता, न्हाणीघराला टाइल्स होत्या आणि घरातली माणसं बोलताना समोरच्याचं संपायची वाट बघायची. त्यांच्याकडे मी जेवलो की सावकाश जेवायचो. शाळेत मी 'आनि', 'पानी' म्हटलं की मागच्या बाकावरून कुणीतरी तेच परत म्हणायचं. मी वर्षभरात ते सुधारलं. आजही माझं 'ण' जरा जास्तच ठणठणीत असतं, ऐकणाऱ्याला ते कळत नाही, मला कळतं.

एकदा मिलिंद आमच्याकडे आला. मी त्याला आणायचं टाळत होतो, तो आपणहून आला. आईला काय आनंद झाला. तिनं त्याला तांदळाचे वडे दिले आणि आपली सर्वात चांगली वस्तू दाखवावी म्हणून कॅसेट लावली. मिलिंद वडे खात अर्धा तास गुपचूप बघत बसला. जाताना "छान आहे काकू" म्हणाला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यानं रुमाल डोक्यावर घेतला, डोळे मिटले, एक हात कानाला लावला आणि नाकातून लांबलचक सूर काढला. हुबेहूब जनाआत्या. अख्खा वर्ग लोळला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. कुणी माझ्याकडे बघायच्या आत मला हसून घ्यायचं होतं. त्यानंतर महिनाभर मी वर्गात शिरलो की कुणीतरी तो सूर लावायचं आणि मीही हसत हसत त्यात सामील व्हायचो.

त्याच सुमारास वाशीच्या व्हिडिओ लायब्ररीत तो इंग्रजी सिनेमा आला. सगळी पृथ्वी समुद्रानं गिळली आहे, उरलेली माणसं एकमेकांना बांधलेल्या होड्यांवर राहतात, आणि एक एकटा होडीवाला गोड्या पाण्याचा झरा शोधत फिरतो. पोरं त्याला नुसतं 'पाण्याचा पिक्चर' म्हणायची. लायब्ररीत तो एकेका दिवसासाठीच मिळायचा आणि नंबर लावावा लागायचा. ज्याच्या घरी तो कायमचा असेल त्याच्या घरी सगळा वर्ग येणार हे उघड होतं. मिलिंद म्हणाला, "शनिवारी माझ्याकडे येतोय. तू तुझा व्हीसीआर घेऊन ये, दोन जोडले की कॉपी निघते. एक कॅसेट आण फक्त."

एक कॅसेट आण फक्त. कोरी कॅसेट घरात नव्हती आणि विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून नाइलाजानं ती घेतली, असं मी पुढची कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे, आणि हे प्रकरण लिहायला बसलो ते एवढंच वाक्य लिहिण्यासाठी. खणात आणखी दोन कॅसेटी होत्या. एकीवर टीव्हीवरून उतरवलेली क्रिकेटची मॅच होती, दुसरी अर्धी कोरीच होती. दोन्हींच्या पाठीवरच्या पट्ट्या शाबूत होत्या, घातल्या की लगेच रेकॉर्डिंग. मी त्या बाजूला सारल्या आणि जिच्यावर रेकॉर्डिंग होऊच शकत नव्हतं ती उचलली. मग दप्तरातून चिकटपट्टी काढली, दातानं तोडली आणि त्या भोकावर नीट, बुडबुडा राहू न देता लावली. असं केलं की मशीन फसतं, हे मला मिलिंदनंच शिकवलं होतं. पिशवीत व्हीसीआर घेऊन मी भर दुपारी कॉलनीत गेलो. आईला सांगितलं की दुरुस्तीला नेतोय.

मिलिंदच्या आईनं आम्हाला थालीपीठ दिलं, लोण्याचा गोळा घालून. दोन तास आम्ही बघत होतो. तिकडे आत्या पुसली जात होती आणि इकडे मी थालीपीठ खात होतो. सिनेमा मला आवडला की नाही हे आता खरंच आठवत नाही. मी कॅसेटवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं, मग घाबरून त्यावर जुनंच लेबल चिकटवलं आणि कॅसेट होती तिथं ठेवून दिली. पोरांना मात्र मी कधीच बोलावलं नाही. बोलावलं असतं तर घरी कळलं असतं. म्हणजे ज्याच्यासाठी केलं तेही नाही.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत कॅसेट कुणी मागितली नाही. ताई सासरी होती, बायकांची नवलाई संपली होती. आणि मग जनाआत्याला लकवा झाला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, आणि जिच्या आवाजानं मांडव हलायचा तिच्या तोंडून फक्त एक घोगरा स्वर यायला लागला. कळत सगळं होतं. डोळे तसेच होते. त्याच साली माझ्या चुलतभावाचं लग्न निघालं आणि घरच्यांनी आईला सांगितलं की या खेपेला तू. आई म्हणाली, झील मी डोळे मिटून धरीन, पण पुढच्या ओळी जनाबायच्या, त्या मला सलग येत नाहीत. मग तिचं तिलाच काहीतरी आठवलं आणि तिचा चेहरा उजळला. ती म्हणाली, "कॅसेट हाय ना. जनाबायला समोर बसवू. मी चुकले तं ती हातानं थांबवील मना."

रविवार होता, मार्केटला सुट्टी, त्यामुळे बाबा घरी. आठ-दहा बायका जमल्या होत्या. आत्याला खुर्चीसकट उचलून आणून टीव्हीसमोर बसवलं होतं, तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मी दारात उभा होतो. मला पळून जाता आलं असतं, पण मी गेलो नाही. आईनं कव्हर काढलं, कॅसेट घातली, या वेळी एकही बटण न चुकता दाबलं. पडद्यावर थोड्या रंगीत रेघा हलल्या आणि पाणी आलं. करडं, दाणेदार, टोकापासून टोकापर्यंत नुसतं पाणी.

"ह्यो कंचा पिक्चर लावलास गो?" कुणीतरी विचारलं.

आईनं कॅसेट पुढं पळवली. पाणी. आणखी पळवली. होड्या, आग, पाणी. शेवटी सिनेमा संपला, परत रेघा हलल्या आणि एकदम आमचा मांडव आला, जेवणावळ चाललेली, आणि पंगतीच्या कडेला जनाआत्या, तोंडात पान, गप्प बसलेली. धवले तेवढे गेले होते. बाकी सगळं शिल्लक होतं. खुर्चीतल्या आत्यानं पडद्यावरच्या आत्याकडे बघितलं आणि डाव्या हातानं पदर ओढून तोंडावर घेतला.

बाबांनी माझ्याकडे मान वळवली. तेवढ्यात आईनं कॅसेट बाहेर काढली, आमच्याकडे पाठ करून ती हातात फिरवली, काही वेळ तशीच उभी राहिली. मग वळून म्हणाली, "माजेच हातून गेली. दुपारची बटना दाबीत बसते ना. टीव्हीवरचा कायतरी आत गेला असल."

"कितीदा सांगलं तुला," बाबा म्हणाले, "कलत नाय तं हात लावू नको. अडानी ती अडानीच." सगळ्या बायकांसमोर म्हणाले. बायकांनीही थोडी हळहळ केली, थोडा दोष दिला आणि वाल घेऊन उठल्या. मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहितो, लाज वाटते तरी लिहितो. मला सुटल्यासारखं वाटलं. मी मनाशी ठरवून टाकलं की तिला खरोखरच वाटतंय तिच्या हातून गेली. ती चुकतेच नेहमी. मग मी कशाला सांगू.

चुलतभावाच्या लग्नाला नावडे गावाहून धवलारीण आणली. आई तिच्यामागं बसली, पण त्या बाईचे धवले वेगळे, चाल वेगळी, आईची झील भलतीकडेच जायची, म्हणून दुपारनंतर आई स्वयंपाकाकडे निघून गेली. पुढं गावात कुणाचं लग्न निघालं की नावड्याची बाई, आणि ती गेल्यावर माइकवाला. आईला कुणी बोलावलं नाही. कॅसेट सांभाळता आली नाही ती मांडव काय सांभाळणार, असं एकीनं विहिरीपाशी म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. आत्या आणखी दीड वर्ष होती. मी तिच्या घरावरून जायचं टाळून मागच्या वाटेनं जायचो.

कॅसेट मात्र मी जपली. घर बदललं, बाबा गेले, माझं लग्न झालं, तरी ती प्रत्येक कपाटात माझ्यासोबत आली. पहिल्यांदा तिच्या पाठीकडे बघितलं तेव्हा चिकटपट्टी नव्हती. दमट हवेनं गळून पडली असेल, असं मी धरलं. माझ्या मुलीला, तन्वीला, लहानपणी ती सापडली. वरचं लेबल निघालं होतं आणि खालची माझी इंग्रजी अक्षरं दिसत होती. हे काय म्हणून विचारलं तर मी म्हणालो, "माझा लहानपणीचा आवडता सिनेमा." एका खोट्याला दुसरं जोडताना फार विचार करावा लागत नाही.

तिनं ते लक्षात ठेवलं. गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी ती डिस्कची एक जड पत्र्याची पेटी घेऊन आली, सोबत मित्राकडून मागून आणलेला प्लेअर. "पप्पा, तुमचा पिक्चर परत काढलाय. फोर-के, एकदम रिस्टोअर केलेला. आणि ऐका ना, यातली चाळीस मिनिटं हरवली होती, ती परदेशात कुठल्या तरी गोडाऊनमध्ये सापडली. ती पण टाकलीयेत." पेटीत एक पुस्तकही होतं. कुणी कुणी ती चाळीस मिनिटं किती वर्षं शोधली, प्रत्येक चित्रावरची धूळ कशी पुसली, जुना आवाज कसा वेगळा काढून स्वच्छ केला, हे सगळं त्यात लिहिलेलं. मी ते पानामागून पान वाचत गेलो. एका हरवलेल्या होडीच्या प्रसंगासाठी माणसं गोदामं उलथीपालथी करतात. आमच्या आत्याचे दोन तास कुठल्या गोदामात शोधायचे?

सिनेमा सुरू झाला. आमच्या कॉपीत करडं असलेलं पाणी निळं निघालं, प्रत्येक लाटेचा फेस दिसत होता. आई कोपऱ्यात बसून वाल सोलत होती. तिची नजर आता अधू आहे, पण एवढा मोठा पडदा तिला दिसतो. बराच वेळ तिनं बघितलं आणि म्हणाली, "ह्यो त्योच पानी ना?"

माझ्यानं राहवेना. तन्वीला मी पिक्चर थांबवायला लावला आणि तिच्यासमोरच आईला म्हणालो, "आई, ती कॅसेट मी पुसली होती. तुझ्या हातून गेली नव्हती."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिशीपासून. भोकावर चिकटपट्टी होती ना. त्या शूटिंगवाल्यानं ते भोक माजे समोर पाडलेलं. पट्टी मी नखानं काढली नि पदराला बांधली. तुजे बापाचे हातात कॅसेट गेली असती तं त्याला लगेच कललं असतं."

"मग मला का नाही बोललीस? एवढ्या वर्षांत एकदा तरी?"

तिनं हातातली शेंग सोलून पुरी केली. "काय बोलू? तुला आमची लाज वाटायची, ते मना आधीच म्हाईत होतं. कॅसेट मागून गेली."

ती रागानं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती साधेपणानं बोलली. तन्वी माझ्याकडे बघत होती, आणि आजवर तिनं माझ्याकडे असं कधी बघितलेलं नाही. मग तिनं फोन काढला, आजीजवळ जाऊन जमिनीवर बसली. "आजी, तुला येतं त्यातलं? जेवढं येतं तेवढं म्हण ना. मी रेकॉर्ड करते."

आईनं नको नको म्हटलं, दात नाहीत म्हणाली, आवाज गेला म्हणाली. मग ताट बाजूला ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि हळद दळायचा धवला धरला. आवाज बारीक होता, थरथरत होता. जनाआत्याची ओळ ती स्वतःच म्हणायची आणि तिचं शेपूटही स्वतःच लांबवायची, मध्ये श्वासाला जागा उरायची नाही. मी त्या गाण्याला वर्गात हसलो होतो. पाचेक ओळी झाल्या, सहावी अर्धी झाली आणि ती थांबली. तिनं मागची ओळ परत घेतली, त्याच जागी येऊन परत थांबली. ओठ हलत राहिले. तन्वीनं फोन तसाच धरून ठेवला होता.

"हितून फुडं कॅसेटीत होतं," आई म्हणाली, आणि तिनं वालाचं ताट पुढं ओढलं.